सरांचा लिहायचा ॲक्सेस

आमच्या ऑफिसात खंडेनवमीला कोणी कोड लिहीत नाही. लिहायचा म्हटला तरी लिहिता येत नाही, कारण आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांचा लिहायचा ॲक्सेस बंद करून ठेवते.

ही पद्धत सरांनी सुरू केली. सर म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. कंपनी कोलशेतला नव्या जागेत आली त्या वर्षीची गोष्ट. नवमीला सगळ्यांनी कीबोर्डला हळदकुंकू लावलं, मॉनिटरवर झेंडूच्या माळा चढवल्या, पेढा खाल्ला आणि अर्ध्या तासात त्याच कीबोर्डवर कामाला बसले. सरांना ते पटलं नाही.

"सुतार नवमीला करवत पूजतो, तर त्या दिवशी ती चालवत नाही. आपण काय, माळ घालायची आणि लगेच जुंपायचं?"

मी म्हटलं, "मग सगळ्यांचे कीबोर्ड काढून घेऊ का?"

"कीबोर्ड दुकानात मिळतो गं. मेन ब्रँचमध्ये लिहायची परवानगी मिळते का दुकानात? ती बंद कर. एक दिवस सगळे नुसतं वाचतील. काही बिघडत नाही."

मला हे जास्तीचं काम होतं, म्हणून मी कुरकुरले आणि केलं. दसऱ्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी परत सगळं चालू. तेव्हापासून दर वर्षी.

माझं काम असंच आहे, चालू-बंद करायचं. आमची कंपनी रक्तलघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्याचा सगळा कोड एका सर्व्हरवर असतो; त्यातली लॅबना जाणारी मुख्य प्रत म्हणजे मेन ब्रँच. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, याची नोंद तो सर्व्हर ठेवतो. त्यात कोणाला शिरता येईल, शिरल्यावर कोणाला नुसतं वाचता येईल आणि कोणाला लिहिता येईल, हे मी बघते. नवा माणूस आला की नाव घालायचं, सोडून गेला की त्याच दिवशी काढायचं. निरोपाचा केक कापून व्हायच्या आत मी नाव काढते म्हणून लोक मला हसतात. हसू देत. पासवर्ड विसरलेल्याने स्वतः माझ्या टेबलापाशी यायचं, फोनवरून काम होणार नाही, हा नियम साहेबांनाही लागू आहे.

हे काम मला सरांनीच शिकवलं. मी आले तेव्हा प्रिंटर दुरुस्तीची मागणी लिहून घेणं एवढंच माझ्याकडे होतं. डोंबिवलीहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सर शेजारी बसायचे आणि शिळफाट्याला बस अडकली की शिकवायला लागायचे. ते कोपरला राहतात, मी पूर्वेला. वहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, मिठात मुरवलेल्या आवळ्याच्या फोडी डबीत घालून द्यायच्या. दोन फोडी मला, दोन त्यांना. वीस वर्षं हा हिशोब बदलला नाही.

रोज सकाळी मी आदल्या दिवसाचा लॉग वाचते. कोण शिरलं, कोण अडलं. पासवर्ड चुकणं नेहमीचं असतं, सोमवारी जास्त. श्रावणातल्या एका सकाळी मात्र एक वेगळी ओळ दिसली. पासवर्ड चुकला नव्हता, नावच चुकलं होतं. असं नाव सर्व्हरवर नव्हतं. पण मला ते ओळखीचं वाटलं. कोलशेतला यायच्या आधी आमचा एक जुना सर्व्हर होता, त्यावर अशी नावं असायची, विभागाची दोन अक्षरं आणि पुढे कामगार क्रमांक.

पहिला विचार आला की बाहेरचा कोणीतरी जुनी यादी मिळवून दार वाजवतोय. असं होतं. मशीनचा पत्ता काढला तर तो आमचाच निघाला. खिडकीशेजारचं टेबल, तिसरी रांग. सरांचं.

मी उठून बघून आले. सर चहा पीत होते, समोर काम उघडलेलं. दुसऱ्यांदा नाव बरोबर घालून ते आत गेलेले लॉगमध्ये दिसतच होते. मी जागेवर परत आले. पुढच्या आठवड्यात तसंच दोनदा झालं. गणपतीच्या आधी त्याहून जुन्या सर्व्हरवरचं नाव आलं, मी नोकरीला लागले त्या काळातलं. पासवर्ड बदलून घ्यायलाही सर महिन्यात तीनदा माझ्याकडे आले.

"अगं, तुझ्या सर्व्हरला माझं नाव पाठ नाही का? रोज विचारतो, तू कोण म्हणून."

"तुम्ही रोज वेगळं सांगत असाल," मी म्हटलं. ते हसले. मी नवा पासवर्ड घालायला कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

गणपती झाल्यावर जे नाव आलं ते मलाही माहीत नव्हतं. 'टर्मिनल' आणि पुढे चार. आमच्या कुठल्याच सर्व्हरवर असं नाव कधी नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी कँटीनमध्ये सरांसमोर ताट घेऊन बसले.

"सर, टर्मिनल चार अशा नावाने कधी काम केलंय?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुला कुठून कळलं? माझी पहिली नोकरी, वागळे इस्टेटमध्ये. चौघांत एक मशीन होतं. चौथा मी. सगळ्यांचं झालं की दुपारी माझी पाळी यायची. तोवर कोड वहीत लिहून ठेवायचा, पेन्सिलीने. शाईने लिहिला तर आमचा साहेब ओरडायचा, म्हणायचा, इतकी खात्री आहे का तुमची?"

दहा मिनिटं ते बोलत होते. मशीनवरचं कापडी आवरण, एसीची खोली, आत जाताना चपला बाहेर काढायला लावणारा वॉचमन. सगळं स्वच्छ आठवत होतं. मग मटकीचा चमचा तोंडाशी नेतानेता थांबले.

"पण तुला हे नाव मिळालं कुठे?"

मला आडून बोलायला जमत नाही. "लॉगमध्ये."

"कधीच्या?"

"कालच्या. सकाळी नऊ चाळीस."

चमचा ताटात ठेवला त्यांनी. "किती वेळा?"

"हे दोनदा. जुनी नावं धरून श्रावणापासून अकरा वेळा."

ताट त्यांनी थोडं बाजूला सारलं. "मला वाटायचं, बोटं चुकतायत," म्हणाले.

बाजूच्या टेबलावर कोणीतरी दह्याची वाटी बदलून मागत होतं. मी पाणी प्यायले. सर मार्चमध्ये रिटायर होणार होते, म्हणजे सहा महिने राहिले होते.

"कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही. पण सांगावं लागेल. तुम्ही मेन ब्रँचमध्ये थेट लिहिता, सर. उद्या रिपोर्टवर चुकीचा आकडा छापला गेला तर डॉक्टर त्यावर औषध देईल."

"ते मला नको सांगू. ते नियमाचं पान मीच लिहिलंय." ते चिडले नव्हते. "मला घालवतील ते. घालवू देत, पण युनिट बदलायचा, आकडा एका मापातून दुसऱ्यात न्यायचा, सगळा भाग अजून माझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही. तो दुसऱ्याच्या हातात देऊन जायचंय मला. आणि माझ्या पायाने जायचंय. नवमीपर्यंत वेळ दे."

विचार करून सांगते, असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. ताक संपेपर्यंत विचार केला आणि तीन गोष्टी सांगितल्या. डॉक्टरला दाखवायचं, या आठवड्यात. वहिनींना सांगायचं. आणि थेट लिहायचा हक्क आज संध्याकाळी बंद.

तिसरी ऐकून ते मान खाली घालून म्हणाले, "बोर्डावर लावणार का नाव?"

"तुमचा एकट्याचा नाही, सगळ्यांचा बंद करते. सातही जणांचा. लिहून तपासायला पाठवायचं, दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोणाचंही मेन ब्रँचमध्ये जायचं नाही."

हे खरं तर दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, ऑडिटवाल्यांनी लिहून दिलं होतं. साहेबांकडे तेच कारण सांगितलं, त्यांनी लगेच होकार दिला. खरं होतं ते, पण अर्धं होतं. नोकरीत अर्धं कारण मी तेवढं एकदाच सांगितलं आहे आणि ते मला आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे माझ्या टेबलापाशी. त्यात आमची टीम लीड पुढे. तिशीची मुलगी, कोलशेत गावातली. ऑफिस तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आणि उशिरा येणारी रोज तीच. सरांकडेच शिकलेली.

"मॅडम, काल रात्री जेवताना सुचलं का हे तुम्हाला? एक स्वल्पविराम बदलायचा तरी दुसऱ्याची सही?"

"हो."

"सासूसुद्धा एवढ्या चाव्या कमरेला लावत नाही."

"तुला सासू नाही अजून. सवय करून घे."

सर मागे उभे होते. सगळ्यांबरोबर तेही कुरकुरले, म्हणाले, "हिला मीच शिकवलं, आता भोगा." मी मान वर केली नाही.

पाच-सहा दिवसांनी टीम लीड परत आली, एकटी, आणि खुर्ची ओढून बसली. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सरांनी तपासायला पाठवलेला बदल होता. एका तपासणीच्या आकड्यातला दशांशाचा भाग गाळून तो छापायचा जुना नियम. तो आम्ही काही वर्षांपूर्वी काढून टाकला होता, कारण त्याने काठावरचे पेशंट निरोगी दिसायचे. सरांनी तो परत लिहिला होता. नेटका, टिपणासकट, जसा पूर्वी होता अगदी तसा.

"मॅडम, हा सरांनीच काढलेला. का काढला ते मला शिकवताना सांगितलेलं त्यांनी. अर्धा तास सांगत होते."

"मग परत पाठव. आणि का काढला होता ते त्यांनाच विचार."

"विचारलं. सगळं बरोबर सांगितलं. वर म्हणाले, मग हा परत घातला कुठल्या गाढवाने?" ती हसली नाही. "सर बरे आहेत ना?"

"सरांना विचार."

"तुम्हाला माहितीय."

"मला माहीत असलेलं मी वाटत फिरत नाही. त्यांना विचार, सांगतील."

तिने विचारलं आणि सरांनी सांगितलं. कुठे, कसं, मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून ती वेळेवर यायला लागली. दहा ते बारा दोघं खिडकीशी बसायची. सर बोलायचे, ती लिहून घ्यायची आणि एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या दिवशी विचारून उत्तरं जुळतात का बघायची. सरांना ते कळत होतं. "माझी उलटतपासणी घेते ही पोरगी," असं मला बसमध्ये सांगायचे, आणि त्यात तक्रार कमी, कौतुक जास्त असायचं.

एकदा चहाच्या मशीनपाशी ती मला म्हणाली, "आमचे आजोबा शेवटी शेवटी सकाळी उठून मिठागरावर जायचे. मिठागर कुठलं, भरून टाकलेलं, त्यावर टॉवर उभा राहिलेला. आम्ही ओरडायचो. तिथला वॉचमन शहाणा होता, तो खुर्ची द्यायचा. आजोबा तासभर बसायचे, आणि पाणी किती चढलंय ते त्याला सांगून घरी यायचे." तिने कप धुतला. "सर पण तसेच ना? जुन्या जागी जातात."

मी हो म्हटलं. एवढं नीट मला कोणी समजावलं नव्हतं.

वहिनींना सांगायचं मात्र सर टाळत होते. आज पाहुणे होते, आज तिचा उपास आहे. शेवटी म्हणाले, "तूच सांग ना."

"मी दुसऱ्याचा पासवर्ड त्याच्या वतीने बदलत नाही. बसायला येते. बोलायचं तुम्ही."

रविवारी सकाळी कोपरला गेले. वहिनींनी पोहे केले होते. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, रवा, साखर, चहा, मोठ्या ठळक अक्षरांत. दाराच्या आतल्या बाजूला किल्ल्या, चष्मा, पाकीट यांना एकेक खिळा. नव्याने ठोकलेले. मी ते बघितलं आणि वहिनींनी मला बघताना बघितलं.

सरांनी सुरुवात केली. "ऑफिसात जरा..." आणि अडकले.

वहिनी म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

"अहो, गॅसवर दूध ठेवून तुम्ही दोनदा बाजारात गेलात. मला माहीत नसेल का? मी म्हटलं, घरी थोडं होतंय, ऑफिसात ठीक असतील. तिथे काम असतं, सवय असते."

मी म्हटलं, "आणि आम्ही म्हणत होतो, घरी ठीक असतील."

सर आम्हा दोघींकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी कुठेच ठीक नव्हतो, आणि दोघी गप्प." वहिनींना हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग त्या माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढायला लागल्या. मी वाढू दिले. पोट भरलेलं होतं तरी खाल्ले.

ठाण्याच्या डॉक्टरकडे तिघं गेलो. तपासण्या झाल्या. जे वाटत होतं तेच निघालं, सुरुवातीचं आहे म्हणाले, औषधं दिली, रोजचं काम एकदम सोडू नका म्हणाले. सरांनी साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, मला बाहेर बसवून. साहेब भले निघाले. मार्चपर्यंत सरांनी युनिटचा भाग लिहून काढायचा, टीम लीडला द्यायचा, कागदोपत्री दुसरं काही नाही. बाहेर येऊन साहेबांनी मला एवढंच विचारलं, की यांचा लिहायचा ॲक्सेस कधी काढायचा. मी म्हटलं, प्रत्येक बदल तपासला जातोय, घाई नाही. सांगते.

मला सांगावं लागलं नाही.

नवमीला नेहमीसारखी सर्व्हरच्या खोलीबाहेर पूजा झाली. आत ओलं काही नेऊ देत नाही मी, हळदकुंकूही नाही, त्यामुळे देव आणि सर्व्हर यांच्यामध्ये काचेचं दार असतं. सरांनी पूजा केली. आरतीची ओळ ते एकदाही चुकले नाहीत, टीम लीडच चुकली. झेंडूची माळ दाराच्या कडीला अडकवली. सगळे पेढे खायला गेले आणि सर माझ्याजवळ थांबले.

"युनिटचं झालं लिहून. काल शेवटचं पान तिने तपासलं, एक चूक काढली. माझी नव्हती, तिचीच होती."

"सांगितलं तिने."

"आज सगळ्यांचा बंद आहे ना?"

"काल संध्याकाळपासून."

"मग परवा सगळ्यांचा चालू करशील तेव्हा माझा राहू दे तसाच." ते काचेतून आतले हिरवे दिवे बघत होते. "एरवी एखाद्या दिवशी माझा एकट्याचा बंद केला असतास तर लागलं असतं मला. आज सगळ्यांबरोबर बंद झालाय. नुसता परत चालू करायचा नाही. वाचायचा ठेवशील ना?"

"वाचायचा मार्चपर्यंत आहे. नियमात बसतो."

"नियमात बसतो," ते म्हणाले, आणि डबी काढली. दोन फोडी मला दिल्या. सकाळी बसमध्येही दिल्या होत्या. मी घेतल्या.

त्यांच्यासाठी मी एक वस्तू मागवून ठेवली होती. पेन ड्राइव्हएवढी किल्ली. मशीनला लावायची आणि तिच्यावर बोट टेकवायचं, बोटाचा ठसा जुळला की सर्व्हर दार उघडतो. नाव घालायला नको, पासवर्ड नको, फोनवरचे आकडे नकोत. कोणालाही मागता येते, सरांना मी न विचारता दिली, आणि तिथेच बसवून त्यांच्या बोटाचा ठसा नोंदवून घेतला.

"म्हणजे आता तो मला विचारणार नाही, तू कोण म्हणून?"

"नाही."

"बरं झालं. रोज उत्तर द्यायचा कंटाळा आला होता."

दसऱ्याला वहिनींचा फोन आला, आपट्याची पानं द्यायला या म्हणून. गेले तर दाराच्या आत खिळ्यांच्या रांगेत आणखी एक खिळा होता आणि त्याला लाल गोफात ओवलेली ती किल्ली. खाली चिठ्ठी, 'ऑफिस'.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोचले. सगळ्यांचा लिहायचा ॲक्सेस परत चालू करायला माझ्याकडे सर्व्हरला द्यायची एक आज्ञा तयार असते, एकदा दिली की काम झालं. त्या दिवशी मी एकेक नाव हाताने केलं. आज्ञेतून एक नाव वगळायचं तर तिची आधी चाचणी घ्यावी लागली असती, आणि तेवढा वेळ नव्हता. एकेक नाव घेत गेले. सरांच्या नावापाशी आले, तिथे 'वाचन' होतं, तसंच ठेवलं आणि पुढच्या नावावर गेले. टीम लीडचं होतं.

नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी लॉगमध्ये ओळ आली. खिडकीशेजारचं टेबल, तिसरी रांग. आजचं, बरोबर नाव. पहिल्याच प्रयत्नात आत.

मी लॉग बंद केला आणि चहा घ्यायला गेले. त्यांच्यासाठीही एक कप आणला, बिनसाखरेचा.